आधी तो टीव्ही बंद करा

पाहुणा घरात आला की टीव्ही बंद करायचा, ही साधी रीत आपल्याकडून गेली. आमच्या कासारसाईत गेली, नेऱ्यात गेली, दारुंब्र्यात गेली, आणि हिंजवडीच्या उंच उंच सोसायट्यांतही वेगळं काही दिसत नाही. "या, बसा" म्हणतात, पाण्याचा तांब्या येतो, आणि आपल्याला बसवतात ते पडद्याकडे तोंड करून. आपण बोलत राहतो. ऐकणाऱ्याची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे. आजाऱ्याला भेटायला जावं तर उशाशी मालिकेतली सासू किंचाळत असते. मयताच्या घरी दहाव्याच्या आत टीव्ही लागलेला मी पाहिला आहे, आवाज बारीक करून. मला याचा राग येतो. तो गिळून गोड बोलण्यासाठी मी हे सदर लिहीत नाही. एका आक्कांच्या घरी झालेलं हे बोलणं ऐका.

"आक्का, जरा बंद करता का? दोन शब्द बोलायचे होते."

"अगं बोल की, मी ऐकतीये. त्यो आपला चालू राहू दे."

आक्का ऐकत नव्हत्या. खरं सांगायचं तर त्या बघतही नव्हत्या. त्या शेंगा सोलत होत्या, नातू फोनवर होता, सून आत भाकरी थापत होती, आणि बाहेरच्या खोलीत पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं. घरातल्या एकाही माणसाला त्या लग्नाचं सोयरसुतक नव्हतं. तरी टीव्ही चालू. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत चालू. कुणी बघत नसताना चालू राहणारी ही गोष्टच मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तिनं आपलं लक्ष देणंच मोडून टाकलं आहे.

नाटक असं चालू राहू शकत नाही. समोर बघणारं कुणी नसेल तर नाटक होत नाही, प्रयोग रद्द होतो. चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात तिसरी घंटा होते, दिवे मावळतात, शेकडो अनोळखी माणसं एकदम गप्प होतात. तेवढ्या शांततेसाठीसुद्धा मी कासारसाईहून तिथवर जाईन. आपल्या घरांत, हॉटेलात, दवाखान्याच्या बाकांवर, पंक्तीत, कुठेच आता अशी शांतता उरलेली नाही.

राग टीव्हीच्या खोक्यावर नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या आधीच्या पिढीनं ते काळं-पांढरं चित्र पाहिलं, 'गजरा' पाहिला, 'चिमणराव'मधले दिलीप प्रभावळकर पाहिले. गावात संच एखाद्याच घरी असे. तिथे सगळी आळी जमायची, लहान पोरं पुढे, म्हातारी मागे, बाया दाराशी. कार्यक्रम संपला की संच बंद व्हायचा, त्यावर झालर लावलेलं कापड पडायचं आणि माणसं त्या कार्यक्रमावर बोलत घरी जायची. तेव्हा टीव्हीसमोरही माणसं प्रेक्षकासारखी बसत. ती बैठक मोडली, हे दुखणं आहे.

त्याच १९७२ सालात, दूरदर्शन सुरू झाल्यावर अडीच महिन्यांच्या आत, १६ डिसेंबरला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. पडदा कापडाचा नव्हता, माणसांचा होता. ब्राह्मणांची एक ओळ गात, डुलत उभी राहायची. ती फिरली की त्यामागून नवा प्रसंग निघायचा. वाडा नाही, दिवाणखाना नाही, माणसांची पाठ वळली की जागा बदलली. बघणाऱ्याला बाकीचं मनातल्या मनात उभं करावं लागे. आजच्या मालिकेत दिवाणखान्याचं झुंबर खरं असतं, सोफा खरा असतो, सुनेच्या अंगावर रात्री झोपतानाही भरजरी साडी असते. आणि बघणाऱ्याच्या मनाला काडीचंही काम नसतं.

मालिकेचं एवढं एकच पाहा. एकानं दुसऱ्याच्या थोबाडीत मारली. ही थप्पड तीन बाजूंनी तीनदा दिसते. मग खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा चेहरा, प्रत्येक चेहऱ्याला ढोलताशाचा दणका. मग जाहिराती. परत आल्यावर पुन्हा तीच थप्पड, कारण आपण मधल्या वेळात विसरलो असू, असं त्यांना वाटतं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पुन्हा थप्पड. शेवटी "पुढील भागात" म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा कुणाचं तरी स्वप्न निघतं. अर्ध्या तासात गोष्ट तसूभर हलत नाही. 'चार दिवस सासूचे' ही मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालली. नाटककाराला मात्र आख्खं आयुष्य अडीच-तीन तासांत बसवायचं असतं, त्यातही मध्यंतरात चहा-वड्याला वेळ द्यायचा असतो. म्हणून त्याला प्रत्येक वाक्य तोलावं लागतं. आपल्यालाही ते पहिल्याच वेळी ऐकावं लागतं, कारण ते पुन्हा दाखवायला कुणी येणार नाही.

जाहिरातींचं तर विचारूच नका. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत, असा नियम आहे. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, हेही केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत लिहिलेलं आहे. आणि तरी जेवताना जाहिरात लागली की पाळण्यातलं मूल दचकून उठतं. हा नियम आहे, त्यावर तक्रार करता येते, हेच बहुतेकांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते रिमोटवरचं बटण दाबून गप्प बसतात. बातम्यांच्या वाहिन्यांवर एका पडद्यात सहा चौकटी, सहाही जण एकाच वेळी ओरडतायत, खाली दोन पट्ट्या पळतायत. त्यातून कुणाला काय कळतं ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. पुढे जाऊ.

टीव्हीनं आपल्या गावांतून काय नेलं, ते नीट सांगायला हवं. आपल्या मुळशी-मावळात नाट्यगृह नव्हतं, पण नाटक होतं. जत्रेच्या रात्री तमाशाचा फड यायचा. गण, गवळण, बतावणी, वग, पहाटेपर्यंत. इथल्या मातीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे दादू इंदुरीकर. तळेगावच्या पलीकडचं इंद्रायणीकाठचं इंदोरी हे त्यांचं गाव. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न'मधला त्यांचा सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी, ही जोडी ज्यांनी पाहिली ती माणसं आजही त्यावर बोलायला लागली की थांबत नाहीत. दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण त्यांचं खरं मोठेपण हजरजबाबीपणात होतं. समोरून एखादा काही बोलला की त्याचा शब्द खाली पडायच्या आत उत्तर. कालच्या गावची बतावणी आजच्या गावी तशीच नसे, कारण आजची माणसं वेगळी, आजचा विषय वेगळा. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके तेच करायचे; त्या दिवसाची ताजी घडामोड रात्रीच्या प्रयोगात हजर. लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला जायचे, कारण ते पुन्हा पाहिलं तरी वेगळं असायचं.

टीव्हीला आपलं बोलणं ऐकू येत नाही. सगळा फरक इथेच आहे.

मागे आम्ही गावातल्या बायका मिळून रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला गेलो. गाडी ठरवली, डबे बांधले. बरोबर एक ऐंशी ओलांडलेल्या आजी होत्या, त्यांचं आयुष्यातलं पहिलं नाट्यगृह. नाटकात मुलगा बापावर ओरडतो असा प्रसंग होता. मुलाचा आवाज चढत गेला, सगळं थिएटर आवंढा गिळून बसलं होतं, आणि आमच्या रांगेतून आजींचा खणखणीत आवाज आला, "आरं, बापाला आसं बोलू नये रं!" मागच्या रांगेतून कुणीतरी श्श केलं. पण तो नट थांबला. त्यानं अंधारात आमच्या दिशेनं पाहिलं, मान खाली घातली आणि पुढचं वाक्य अगदी हळू म्हणाला. ते वाक्य त्यानं आजींचं ऐकून खाली आणलं, असं मी छातीठोकपणे म्हणते. गेली कित्येक वर्षं आजी रोज रात्री मालिकेतल्या पोरांना असंच समजावत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा एका पोरानं त्यांचं ऐकलं.

मध्यंतरात एक गृहस्थ तक्रार करत होते, गावाकडच्या बायकांना नाटकाची शिस्त नसते म्हणून. त्यांच्या खिशातला फोन पहिल्या अंकात दोनदा वाजला होता.

आजींचं बोलणं नाटकात होतं, त्या प्रसंगाच्या आतून आलेलं. फोनची घंटा बाहेरून येते आणि नटाच्या हातातला क्षण फोडून जाते. २०१९ मध्ये नाशिकला फोन वाजले म्हणून सुमीत राघवननं 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग थांबवला. त्याच वर्षी 'अश्रूंची झाली फुले'च्या वेळी सुबोध भावेनं जाहीर लिहिलं की हे असंच चाललं तर नाटकात काम करणं थांबवावं लागेल. तेव्हा चार दिवस चर्चा झाली, काहींनी नटांनाच माजलेले ठरवलं. मी नटांच्या बाजूची आहे, तेव्हाही होते. ज्या माणसानं महिनाभर तालीम करून एक विराम जपून ठेवला आहे, त्या विरामात तुमच्या फोनवरचं सिनेमाचं गाणं वाजणं हा त्याचा अपमान आहे. आणि शेजारी बसलेल्या माझाही. तिकीट मीही काढलं आहे.

या सगळ्या सवयी घरच्या सोफ्यावरून आल्या आहेत. टीव्हीसमोर बोललं तरी चालतं, म्हणून नाट्यगृहातही शेजारणीला गोष्ट समजावून सांगायची. टीव्हीसमोर उठून आत जाता येतं, म्हणून ऐन प्रवेशात सहा जणांच्या गुडघ्यांवरून वाट काढायची. टीव्हीसमोर वेफर्सचं पाकीट फोडता येतं, म्हणून इथेही चुरचुर. टीव्हीवर शेवटची नावं कुणी वाचत नाही, म्हणून इथे नट वाकून नमस्कार करायला उभे राहिले की आपण पाठ फिरवून पार्किंगकडे धावायचं. ही शेवटची सवय मला फार लागते. अडीच तास घाम गाळलेली माणसं रांगेत उभी आहेत, त्यांच्यामागे प्रकाश सांभाळणारा, पडदा ओढणारा, नेपथ्याची फळी उचलणारा आहे. उद्या त्यांचा प्रयोग दुसऱ्या गावी असतो. नेपथ्य रात्रीतून उतरवून टेम्पोत भरायचं आणि गाडीत बसल्या बसल्या झोपायचं. त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवायला काय लागतं?

रंगभूमीनंही थोडं ऐकून घ्यावं. नाटकाच्या जाहिरातीत नटाच्या नावाखाली मालिकेचं नाव छापायची पद्धत बंद करा. त्यामुळे एक वर्ग मालिकेतला चेहरा बघायला येतो, एन्ट्रीला टाळी वाजवतो, फोटो काढतो आणि मग कंटाळतो. काही नट मालिकेचा घरगुती, तोंडातल्या तोंडातला आवाज रंगमंचावर घेऊन येतात. शेवटच्या रांगेतल्या माणसानं काय करायचं? दिवसभर चित्रीकरण करून थकून प्रयोगाला येणारा नट आम्हाला ओळखू येतो, आम्ही आंधळे नाही. आणि स्वच्छतागृहं! काही नाट्यगृहांतली अवस्था अशी असते की बाया दुपारपासून पाणी पीत नाहीत. तिकीट काढून आलेल्या बाईला हे सोसावं लागू नये.

तरीही मी जाणार. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलपं लागली. मधे काही काळ निम्म्या खुर्च्यांवर प्रयोग झाले, पुन्हा बंद पडले, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रात पडदा पुन्हा वर गेला. त्या दीड वर्षात टीव्ही एक दिवसही बंद नव्हता. आणि तरी माणसं परत नाट्यगृहात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशांत दामले यांनी आपला साडेबारा हजारावा प्रयोग केला. एका माणसानं साडेबारा हजार वेळा समोरच्या जिवंत माणसांसाठी उभं राहायचं, आणि दर वेळी हशा कुठे पडेल, किती वेळ टिकेल, कधी पुढचं वाक्य टाकायचं, हे त्या दिवशीच्या श्वासावरून ठरवायचं. मालिकेत हे कुणाला करावं लागत नाही.

लोक मला सांगतात, तिकीट महाग आहे. चांगल्या खुर्चीचं तिकीट महागच पडतं, चार माणसांच्या घराला ते जाणवतं, हे मी मानते. पण आपल्याच कासारसाई धरणाच्या काठावर शनिवार-रविवारी तंबूत राहायला शहरातून माणसं येतात, तंबूचं भाडं, बार्बेक्यू, रात्रभर स्पीकर, त्याला जास्त लागतं आणि त्याची तक्रार ऐकू येत नाही. महाग नको असेल तर राज्य नाट्य स्पर्धा आहे, नाममात्र तिकिटात. तळेगावात कलापिनीसारखी संस्था वर्षानुवर्षं हौसेनं नाटक करते आहे. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका आहेत. १९६३ पासून महाविद्यालयातली पोरं तिथे जीव ओतून उभी राहतात, आणि प्रेक्षकही तेवढ्याच जिवानं ओरडतात.

लांब पडतं, ही दुसरी अडचण मात्र खरी आहे. हिंजवडीच्या चौकातून गाडी काढणं हे कासारसाईच्या माणसाला सांगायला नको. रात्री साडेनऊचा प्रयोग संपेपर्यंत बारा वाजतात, तेव्हा बस कुठली? म्हणून दुपारचा प्रयोग बघा. चिंचवडला मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपळे गुरवला निळू फुल्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, पिंपरीत आचार्य अत्र्यांच्या नावाचं आहे. आळीतल्या दहा-बारा जणांनी मिळून गाडी करा. लग्नाला करतो, देवदर्शनाला करतो, मग नाटकाला का नाही? माझ्या अनुभवानं सांगते, परतीच्या गाडीत जी चर्चा होते तशी चर्चा गावातल्या एकाही घरात मालिकेनंतर होत नाही. आमच्या गाडीत आजींनी त्या नटाचा उद्धारही केला आणि त्याला आशीर्वादही दिला.

नाटक गावात आणणं याहून सोपं आहे, आणि ते आपल्या हातात आहे. पण आपल्याला सवय पडद्याची. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडला झालं, 'घाशीराम'वाले जब्बार पटेलच अध्यक्ष होते. आपल्या इतक्या जवळ एवढा मोठा मांडव पडला आणि गावातली बहुतेक माणसं तो टीव्हीवर बघत बसली. जत्रेत आता मोठ्ठा पडदा लावतात. समोर गाणारी बाई उभी असते आणि लोक तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघतात, किंवा हातातल्या फोनमधून बघतात. हे बदलायला हवं. आपल्याकडे साखर कारखाना आहे, गळिताच्या हंगामात ऊस तोडायला लांबून कुटुंबं येतात, कोपीत राहतात. दिवसभर कोयता चालवून रात्री त्यांच्या हातात फोनचा चिमुकला पडदा. त्यांच्यासाठी एक वगनाट्य लावता येणार नाही का? शाळेचं पटांगण आहे, वीज आहे, मंडप घालणारी पोरं आहेत. गणपतीला, सप्त्याला, वाढदिवसाच्या फलकांना वर्गणी निघते, ती नाटकालाही निघेल.

विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तो दिवस ५ नोव्हेंबर १८४३. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. यंदा त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीनं, तरुण मंडळानं, बचत गटांनी मिळून कासारसाईत एक प्रयोग लावावा. भिंतीवर फलक लिहा, दवंडी द्या, शेजारच्या वाड्या-वस्त्यांना बोलवा. सात वाजता गावातला प्रत्येक टीव्ही बंद ठेवा आणि फोन घरीच ठेवून या. वर्गणीची पहिली पावती माझ्या नावानं फाडा.